नातवाचं नाव ‘केलर’: तळघर की कोठावळे?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीत; जावई अमेरिकन. येत्या महिन्यात मुलगा होणार हे ठरलंय आणि नावही ठरलंय, ‘केलर’. जावयाच्या आजीचं माहेरचं आडनाव ते. लेक म्हणते, “आई, अर्थ छान आहे, ‘प्रिय सोबती’.” ताईंनी भाच्याला जर्मन शब्दकोश बघायला सांगितला, तर त्यात निघालं ‘तळघर’. ताई विचारतात, “नातवाला तळघर म्हणून हाक मारायची का? आणि हे नाव तिकडे कुणी ठेवतं तरी का, की आमच्याच घरात हे खूळ?”

ताई, मी सत्तावीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आणि जन्मदाखले, विवाहदाखले, वारसापत्रं यांची भाषांतरं करते. आडनावांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि या ‘केलर’शी तर जुनं वैर आहे. एकदा एका गृहस्थांनी स्वित्झर्लंडहून आलेलं पत्र संगणकावरच मराठीत करून आणलं होतं. मला फक्त तपासायचं होतं. पहिलीच ओळ: “अधिक माहितीसाठी श्री. तळघर यांच्याशी संपर्क साधावा.” खाली सहीसुद्धा तळघरांचीच. तेव्हा तुमच्या भाच्याचा शब्दकोश खोटा बोलत नाही. तो फक्त अर्धं सांगतो. आणि लेकीचा ‘प्रिय सोबती’ दुसऱ्याच घरातून उचललेला आहे. दोन्ही नीट सांगते.

आजच्या जर्मनमध्ये ‘केलर’ म्हणजे तळघर, हे खरं. पण आडनाव त्या तळघरावरून पडलेलं नाही, त्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असत त्या माणसावरून पडलंय. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे साठवणीची खोली. तिच्यापासून एक शब्द झाला जागेचा, ‘सेलारियुम’, आणि एक झाला माणसाचा, ‘सेलारियुस’. जर्मनमध्ये येता येता दोघांची शेपटं झिजली आणि आज दोन्ही ‘केलर’च दिसतात. म्हणजे तळघर आणि आडनाव ही सख्खी भावंडं आहेत, बापलेक नव्हेत.

तुम्ही विचाराल, लॅटिन ‘से’चा जर्मन ‘के’ कसा झाला? खरं तर झालाच नाही. जुन्या रोमन उच्चारात तो ‘क’च होता. जर्मन टोळ्यांनी हा शब्द इतक्या आधी घेतला की तो जुना ‘क’ त्यांच्याकडे टिकला. सीझरचा जर्मनमध्ये ‘कायझर’ झाला तो असाच. पुढे लॅटिनचाच उच्चार बदलला आणि मठांमधून तोच ‘सेला’ पुन्हा जर्मनमध्ये आला. या वेळी झाला ‘त्सेले’, म्हणजे साधूची किंवा कैद्याची कोठडी. आपल्याकडे एकाच संस्कृत शब्दाचं झिजलेलं मराठी रूप आणि जसंच्या तसं उचललेलं रूप शेजारी शेजारी नांदतात, तसलाच हा प्रकार.

हा ‘केलर’ करत काय असे? जहागीरदाराकडे किंवा मठात धान्य, वाइन, तेल, मेण यांचा साठा सांभाळायचा, कुळांकडून आलेला दशमांश मोजून घ्यायचा, हिशेब ठेवायचा. नैर्ऋत्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये तो बऱ्याच ठिकाणी वसुली अधिकारीच होता. शिवाजी महाराजांच्या बारा महालांत ‘कोठी’ होती ना, तिचा कारभारी डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे त्याची आडनावं झाली कोठावळे, कोठारी, भांडारकर. तुमचा नातू म्हणजे ‘कोठावळे’. तळघरापेक्षा हे बरंच बरं वाटतं की नाही?

या हुद्द्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर वर्णन संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत आहे. तिचं ३१वं प्रकरण पूर्ण मठाच्या कोठावळ्यावर आहे. तो शहाणा असावा, शांत असावा, आणि फार खादाड नसावा. (हे मुद्दाम लिहावं लागलं, यावरून अनुभव काय आला असेल ते समजतं.) मठाची भांडीकुंडी त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. कुणी भलतंच मागितलं तर झिडकारून त्याला दुखवू नये. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की देण्याजोगं काही नसेल तर निदान चांगल्या शब्दांत उत्तर द्यावं. बारशाच्या दिवशी व्याह्यांनी अर्थ विचारला तर एवढं सांगा. ‘प्रिय सोबती’पेक्षा वजनदार आहे, आणि खरंही आहे.

आता तो ‘प्रिय सोबती’. तो आला आयर्लंडहून. तिकडे कॉर्क आणि केरी भागात ‘ओ केलेहर’ नावाचं घराणं आहे. त्या गेलिक नावात जोडीदार आणि प्रिय अशा अर्थाचे शब्द दडलेले आहेत. इंग्रजीत लिहिताना काही कुटुंबांचं ‘केलेहर’ झालं, काहींचं आखडून ‘केलर’. बाळांच्या नावांची संकेतस्थळं दोन्ही केलर एकाच ओळीत घालतात, आणि ज्याचा अर्थ गोड तो वर ठेवतात. कुठे ‘छोटा विजेता’ असंही वाचलं तर विश्वास ठेवू नका. कुठल्याही केलरमध्ये विजेता नाही.

म्हणून लेकीला एक गोष्ट विचारायला सांगा: जावयाची आजी कुठल्या केलरांची? बाडेन, वुर्टेंबर्ग, झुरिककडून आलेल्या, की कॉर्ककडून? सिनसिनाटीत दोन्ही असू शकतात. पण शहर सिनसिनाटी आहे म्हटल्यावर माझा कल जर्मन बाजूला. तिथल्या एका अख्ख्या वस्तीचं नावच ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’, म्हणजे ऱ्हाइनपलीकडची. नदी वगैरे नव्हती, एक कालवा होता. त्याच्या पलीकडे इतके जर्मन राहत की गावाने त्या कालव्यालाच ऱ्हाइन म्हणायला सुरुवात केली. त्या वस्तीच्या पोटात बिअर मुरवण्यासाठी खोदलेली जुनी भुयारं आजही आहेत आणि लोक तिकीट काढून ती बघतात. म्हणजे केलरांच्या गावात खरे केलरही आहेत.

तळघर या शब्दाचा तुम्हाला आलेला राग थोडा कमी व्हावा म्हणून एक आठवण सांगते. आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागात, फ्रँकोनियातल्या बांबेर्ग गावी मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरमालकीण म्हणाली, “संध्याकाळी आपण केलरवर जाऊ.” मला वाटलं, माझं जर्मन कच्चं. तळघरात जायचं असतं, तळघरावर कसं जाणार? पण गेलो खरंच वर, टेकडीवर. चेस्टनटच्या दाट सावलीत लाकडी बाकं, पायाखाली खडी, आणि त्या खडीच्या खाली डोंगरात कोरलेली बिअरची कोठारं. बव्हेरियात १५३९च्या फर्मानाने उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती, २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत. मग हिवाळ्यात गाळलेली बिअर उन्हाळाभर थंड ठेवायची कुठे? डोंगराच्या पोटात. वर सावलीसाठी चेस्टनट लावले, कारण त्याची मुळं खोल जाऊन छताला भोक पाडत नाहीत. पुढे लोक तिथेच बसून प्यायला लागले आणि ‘केलर’ म्हणजे टेकडीवरची मजेची जागा झाली. मी लिंबूपाणी मागितलं तेव्हा वाढणाऱ्या मुलीने ज्या करुणेने माझ्याकडे पाहिलं ते अजून विसरले नाही.

बाकी जर्मनीत मात्र तळघर हे तळघरच. “त्याचा मूड तळघरात आहे” म्हणजे अगदी उतरलाय. “तो हसायला तळघरात जातो” म्हणजे भारी रुक्ष माणूस. “त्यांच्या तळघरात प्रेतं आहेत” म्हणजे जुनी पापं लपवली आहेत. म्हणून कुणा जर्मन जोडप्याने मला विचारलं असतं तर मी ‘केलर’ला स्पष्ट नाही म्हटलं असतं. तिथल्या बालवाडीत पोरं काय करतील ते सांगायला नको. आणि मुळात नोंदणी अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या असत्या. आडनाव पहिलं नाव म्हणून ठेवायला जर्मन कचेऱ्या फार नाखूश असतात. पूर्ण बंदी मात्र नाही. २००८ साली त्यांच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ‘ल्युट्के’ हे एरवी आडनाव असलेलं नाव मुलाला ठेवू दिलं. मुलाचं नुकसान होत नसेल तर आईबापाच्या निवडीत सरकारने पडू नये, असा त्याचा रोख.

त्याच वर्षी, ५ डिसेंबरला, घटना न्यायालयाने दिलेला निकाल तर आपल्या घरचाच आहे. नाव होतं ‘किरण’. मुलगी भारतीय मुळांच्या कुटुंबातली. अधिकारी म्हणे, नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही, तेव्हा ठेवायचं तर जोडीला दुसरं स्पष्ट नाव लावा. आपल्या गल्लीत दोन किरण असतील तर एक काका आणि एक मावशी असते, त्याने कधी कुणाचं अडलं? न्यायालयानेही जवळपास हेच म्हटलं: नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. जर्मनीतल्या मराठी आईबापांना मी हा निकाल आवर्जून सांगते.

पण तुमचं बाळ ओहायोत जन्मणार आहे, आणि तिथला कानच वेगळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या समाजांत आडनाव पहिलं नाव म्हणून ठेवायची रीत काही शतकांची आहे. आईचं माहेर पुढच्या पिढीत टिकावं म्हणून थोरल्या मुलाला तिचं आडनाव द्यायचं, ही अमेरिकेच्या दक्षिणेत विशेष चालणारी पद्धत. जावयाच्या घरी आजीचं माहेर जपायचंय, म्हणजे ते खूळ नाही, त्यांचा कुळाचार आहे. दुसरी वाट थोर माणसांवरून नाव ठेवण्याची. त्यात जर्मन आडनावाचं सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, फक्त लक्षात येत नाही: मार्टिन ल्यूथर किंग. त्यांचे वडील जन्मतः मायकेल किंग. १९३४ मध्ये ते बर्लिनला धर्मपरिषदेला गेले, धर्मसुधारक ल्यूथरचा देश पाहून आले आणि पुढे स्वतःचं आणि मुलाचं नाव बदलून घेतलं. ‘ल्यूथर’ हे शुद्ध जर्मन आडनाव. आपल्याकडेही हे होतं. तामिळनाडूच्या मु. क. स्टालिन यांचा जन्म १ मार्च १९५३चा, आणि रशियातले स्टालिन गेले ५ मार्चला.

मग केलर, वाग्नर, बेकर अशी नावं इंग्रजी आडनावांच्या इतकी मागे का राहिली? एक मोठं कारण पहिलं महायुद्ध. १९१७ नंतर अमेरिकेत जर्मन असणं लपवायची गोष्ट झाली. श्मिटचे स्मिथ झाले, म्युलरचे मिलर झाले. सिनसिनाटीत १९१८ मध्ये रस्त्यांची नावं बदलली: ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट आणि, कमाल म्हणजे, जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट. इंग्लंडच्या राजघराण्यानेही १९१७ मध्ये आपलं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ घेतलं, आणि त्यांच्या बाटेनबेर्ग नातेवाइकांनी ‘बेर्ग’चं भाषांतर करून ‘माउंटबॅटन’. आपला शेवटचा व्हाइसरॉय असा भाषांतरित आडनावाचा होता. ज्या काळात जर्मन आडनाव दारावरच्या पाटीवरून पुसत होते, त्या काळात ते पाळण्यात कोण ठेवणार? केलर वाचलं, कारण ते इंग्रजी कानाला परकं वाटतच नाही.

लोकप्रियतेचं म्हणाल तर केलर आहे, पण विरळा आहे. अमेरिकेत मुलांच्या नावांची यादी सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी जाहीर करतं. १८८०पासूनचे आकडे आहेत आणि संकेतस्थळावर फुकट बघता येतात. ज्या नावाची वर्षभरात पाचपेक्षा कमी बाळं, ते नाव यादीत येत नाही. भाच्याला सांगा, तिथे केलर टाकून बघ. ‘एल’नंतर ‘ए’ असलेलं स्पेलिंगही टाक, ते वेगळं मोजलं जातं, आणि ओहायोची राज्ययादी वेगळी उघड. बाळांच्या संकेतस्थळांवरचे ‘वेगाने वर चढतंय’ असले बाण बघू नका. चाळीस बाळांची साठ झाली तरी तो बाण उभा होतो.

आणि क्रमांकाचा अर्थ आता बदललाय. १८८० मध्ये पहिल्या क्रमांकावरचं ‘जॉन’ शंभरातल्या आठ मुलांचं नाव होतं. २०१७पासून पहिला असलेला ‘लियाम’ शंभरात जेमतेम एकाचा. म्हणजे वर्गात तीन जॉन बसायचे तसे आता कुणीच बसत नाहीत. केलरसारखं नाव त्यामुळे एकटं पडत नाही, सगळेच थोडे थोडे एकटे आहेत.

केलर तिकडच्या आईबापांना का आवडतं, ते अर्थात शोधू नका, कानात शोधा. गेली काही दशकं ‘-र’वर संपणारी धंद्याची आडनावं मुलांना सर्रास ठेवतात. कार्टर म्हणजे गाडीवान, कूपर म्हणजे पिंपं बांधणारा, टायलर म्हणजे कौलं चढवणारा. त्यांच्याच पंगतीतला ‘मेसन’, गवंडी, २०११ मध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. गवंडीकाम कळतं म्हणून कुणी ते ठेवलं नव्हतं. केलर या रांगेत शेवटी येऊन उभं राहतं आणि कुणाला खटकत नाही. पुढून ते केली, केलन यांच्यासारखं वाजतं, मागून कार्टरसारखं. एकच धोका मला दिसतो: ‘के’चा ‘कि’ झाला की ‘किलर’ होतो. शाळेत एखादं कार्टं हे करणारच. लेकीला आधी सांगून ठेवा, पण एवढ्यासाठी नाव मोडू नका.

अमेरिकेत हे नाव ऐकलं की बहुतेकांना एकच बाई आठवते, हेलन केलर. जन्म २७ जून १८८०, अलाबामातलं टस्कंबिया. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि तरी पदवी घेतली, पुस्तकं लिहिली, जग फिरली. तिचे पूर्वज स्विस होते, आणि तिनेच लिहून ठेवलंय की त्यांतले एक झुरिकमधले बहिऱ्या मुलांचे पहिले शिक्षक होते. १९५५ मध्ये ती भारतात येऊन गेली. मुंबईत तिच्या नावाची अंध-बधिर मुलांची संस्था १९७७पासून आहे. तेव्हा सांगलीत कुणी नाक मुरडलं तर तळघर, कोठावळे काही समजावत बसू नका. “हेलन केलरमधला केलर” म्हणा, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं सगळ्यांनी.

माझं मत विचारलंत, तर ठेवू द्या. एक पर्याय सुचवते, तोही भांडण नको म्हणून. आपल्याकडे मधल्या जागी बापाचं नाव येतं, तिकडे ती जागा मोकळी असते. पहिलं मराठी आणि मधलं केलर, किंवा उलट, दोन्ही सुरेख दिसतं. मात्र ठरवायचं ते प्रसूतीआधी. तिकडे दाखल्याचा फॉर्म बहुधा इस्पितळातून घरी जाण्याआधीच भरून घेतात, आपल्यासारखी बाराव्या दिवसापर्यंत वाट बघत नाहीत. दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असं झालं की पुढे भारताच्या कागदपत्रांना जो त्रास होतो त्यावर माझं घर चालतं, तरी तुम्ही तो टाळा. पाळण्यातलं नाव तुमच्या हातात आहेच, ते काय हवं ते ठेवा. आणि कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा. इथली आत्या अमेरिकन, म्हणजे त्याच केलर आजीची नात. तिला व्हिडिओवर सराव द्या, जर्मन रक्ताला ‘र्र’ जड जात नाही असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. जर्मन लोक शेवटचा ‘र’ खाऊनच टाकतात, त्यांच्या तोंडून केलर ‘केला’ ऐकू येतो.

पत्रिकेवर देवनागरीत कसं लिहायचं, हेही विचारलं होतंत. ‘केलर’ असंच लिहा. ‘केल्लर’ नको, ‘केलेर’ तर नकोच. अमेरिकन उच्चार ‘केलर’ला सगळ्यात जवळचा आहे. आणि सुट्टीत नातू आला, त्याने अंगणात काही सांडलं आणि आजोबा ओरडले, “काय केलं रं?” तर तो आपल्यालाच हाक मारली समजून पळत येईल. तेवढी तयारी ठेवा.